देवाची वकिली तुमच्याकडे कुणी दिली?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची धाकटी बहीण अकरा महिने कर्करोगाशी झुंजली आणि सात महिन्यांपूर्वी गेली. वय ३४. मागे नवरा आणि ८ वर्षांची मुलगी. आजारपणात चर्चच्या मंडळीनं साखळी प्रार्थना केली, उपास केले. ‘ती बरी होणार, प्रभूनं मला दाखवलंय’ असं एका भाऊंनी भर सभेत सांगितलं. ती गेल्यावर मात्र वाक्यं बदलली. ‘देवाला आवडली म्हणून त्यानं नेली.’ ‘यात त्याची काहीतरी योजना असेल.’ आणि एकदा, हळू आवाजात पण ऐकू येईल असं, ‘घरच्यांचा विश्वास कुठंतरी कमी पडला.’

पत्रलेखिका पंधरा वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतात. गेल्या महिन्यात भाचीनं त्यांना विचारलं, “मावशी, देवाचं आपल्यावर प्रेम आहे ना? मग त्यानं आईला बरं का नाही केलं? त्याला येत नव्हतं का?” त्या लिहितात : “माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला उत्तर हवं आहे. उत्तर नसेल तर मी शिकवणं सोडते, कारण जे मलाच कळत नाही ते मुलांना सांगणं म्हणजे ढोंग. आणि असं लिहिते आहे म्हणून देव रागावेल का, याचीही भीती वाटते.”

ताई,

भाचीचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘त्याला येत नव्हतं का?’ जाडजूड ग्रंथ ज्या प्रश्नाभोवती फिरतात तो त्या लेकरानं चार शब्दांत विचारला. देव प्रेमळ आहे, देव सर्वसमर्थ आहे आणि आई गेली. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र बसवता येतात, तिसरी आली की घडी विस्कटते.

माणसांनी ती घडी बसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यानं १७१० मध्ये या उद्योगाला नावच देऊन टाकलं, थिओडिसी, म्हणजे जगातलं दुःख समोर असताना देवाला न्यायी ठरवणं. देवानं निर्माण करता येण्याजोग्या सगळ्या जगांतलं सर्वांत चांगलं जग निर्माण केलं आहे, असं त्याचं प्रतिपादन होतं. पुढं १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला. छपरं कोसळली, पेटलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, जीव वाचवायला पाण्याकडं धावलेल्यांवर समुद्र चालून आला. हजारो माणसं मेली, त्यांतली कित्येक उपासनेला आलेली होती. त्यानंतर युरोपात ‘सर्वांत चांगलं जग’ हे शब्द पूर्वीच्या निर्धास्तपणे उच्चारणं अवघड झालं. तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही याची लाज नको. माझ्या मते त्या क्षणी तुम्ही भाचीशी प्रामाणिक वागलात.

पण ‘उत्तर नसेल तर शिकवणं सोडते’ ही अट तुम्हाला कुणी घातली? तुम्ही असं धरून चालला आहात की विश्वास ठेवायचा तर देवाच्या प्रत्येक कृतीचं, आणि कृती न करण्याचंही, स्पष्टीकरण आपल्याजवळ तयार हवं. जणू देवाचं वकीलपत्र तुम्ही घेतलं आहे आणि खटला हरलात तर देवही हरणार! पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून पाहिलं तर तिथं असं वकीलपत्र घेतलेली माणसं फार थोडी भेटतात. उलट तक्रारदार पुष्कळ. त्यातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हे वाक्य तिथं इतक्यांदा येतं की आपण ते वाचतानाही ऐकत नाही. बहुतेक विलाप शेवटी वळण घेतात, ‘तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’ असं म्हणतात. ८८वं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार या शब्दावरच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना ते गाळता आलं असतं, निदान शेवटी आशेची एखादी ओळ जोडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. याबद्दल मी त्या अनाम माणसांची ऋणी आहे.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचंच घ्या, ज्याच्यावर एकामागून एक संकटं कोसळली तो ईयोब. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ हे वाक्य पहिल्या अध्यायातलं. दफनाच्या वेळी ते हमखास वाचलं जातं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि पुढं तीसेक अध्याय तो देवाशी हुज्जत घालतो. ते कुणी वाचून दाखवत नाही. पहिल्या अध्यायातल्या ईयोबाला आपण व्यासपीठावर बसवलं आणि बाकीच्या ईयोबाला घरी पाठवलं. तुम्ही आत्ता तिसऱ्या अध्यायात आहात. तोही त्याच पुस्तकाचा भाग आहे.

आता ‘विश्वास कमी पडला’ या वाक्याकडं येते. या पत्रातल्या सगळ्या वाक्यांत मला याचाच सर्वांत जास्त राग आला. मागितलेलं न मिळणं म्हणजे विश्वास अपुरा असणं, असं असेल तर गेथशेमाने बागेचं काय करायचं? तिथं वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनं स्वतः प्रार्थना केली, हा प्याला, म्हणजे समोर उभं असलेलं दुःख, माझ्यापासून दूर कर. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो की तीनदा केली. प्याला दूर झाला नाही. प्रेषित पौलानंही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं, काटा राहिला. यांचाही विश्वास कमी पडला होता का?

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय एकदा सावकाश वाचा. हेरोद राजा येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो. एवढी मोठी घटना एका वचनात उरकली आहे. मग तो दुसरा शिष्य पेत्र याला पकडतो, मंडळी प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र वाचला, याकोब गेला. याकोबासाठी प्रार्थना कमी झाली होती, असं हे पुस्तक लिहिणारा लूक कुठंही म्हणत नाही. दोघांत फरक का झाला हेही सांगत नाही. याकोबाची आई तेव्हा जिवंत असेल तर पेत्राच्या सुटकेची बातमी तिनं कशी ऐकली असेल, हा प्रश्न मला कायम पडतो. आपली माणसं गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या बरं होण्याची साक्ष सभेत ऐकणं काय असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं एक गृहीत जरा खोल दडलेलं आहे. ‘देवानं नेली’ हे वाक्य तुम्हाला टोचतं, पण तुमच्या पत्रातही ते नकळत आलं आहे. तुम्ही एका ठिकाणी लिहिता, ‘त्यानं तिलाच का निवडलं?’ कुणीतरी बसून यादीतलं नाव निवडावं तसा तो आजार तिच्याकडं पाठवला गेला, असं तुम्ही समजता का? येशूच्या काळातही लोक असंच समजत. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशूनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. जन्मांध माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. दुःखावरून माणसाचा हिशेब मांडायचा रस्ता त्यानं दोन्ही वेळा बंद केला.

मग दुःख येतं कुठून? ख्रिस्ती परंपरेत याची काही उत्तरं आहेत आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननं भर दिला तो माणसाच्या इच्छेवर. देवानं बाहुल्या घडवल्या नाहीत. ज्याला प्रेम करता येतं त्याला ते नाकारताही येतं, आणि त्या नकारातून क्रौर्य जन्मतं. युद्ध, छळ, फसवणूक यांच्यापुरतं हे मला पटतं. पण तुमच्या बहिणीच्या पेशींनी कोणत्या स्वातंत्र्याचा गैरवापर केला होता? त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, आयरेनियसनं वेगळी दिशा धरली होती. माणूस पूर्ण घडलेला जन्मत नाही, तो घडत जातो, आणि या घडण्यात कष्टही येतात. यातही तथ्य आहे. मोठ्या दुःखातून गेलेली काही माणसं किती मऊ होतात, ते आपण पाहतो. काही कायमची मोडतात, तेही पाहतो. शिवाय हे उत्तर स्वतःच्या दुःखाबद्दल स्वतः म्हटलं तरच शोभतं. एका लेकराची मावशी प्रगल्भ व्हावी म्हणून त्या लेकराची आई गेली, असं म्हणणारा देव मला नको.

मला जास्त उपयोगी पडलेला विचार साधा आहे. पेशी विभागते तेव्हा आतल्या सूचनांची नक्कल होते आणि नकलेत कधीमधी चूक राहते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या अशाच बदलांतून सजीवांची विविधता उभी राहिली आणि अशाच चुकांतून कर्करोगही होतो. ज्या पेशीविभाजनानं भाची तिच्या आईच्या पोटात वाढली, तेच पुढं बेलगाम झालं. देवानं असं जग केलं जे आपल्या नियमांनी चालतं, आणि नियम माणूस पाहून बदलत नाहीत. पौल रोमकरांना लिहितो की सगळी सृष्टी कण्हते आहे, वेणा सोसते आहे. म्हणजे जग अजून जसं असायला हवं तसं नाही, हे त्यालाही मान्य आहे. यातून निदान एवढं कळतं की आजार म्हणजे तुमच्या घरावर काढलेलं फर्मान नव्हे.

पण तुम्ही लगेच विचाराल, आणि विचारायलाच हवं, की नियम त्याचे असले तरी त्या एका चुकीच्या नकलेत त्याला हात घालता आला असता की नाही? आला असता, असं मी मानते. मग का नाही घातला? इथं माझं ज्ञान संपतं, ताई. ज्यांचं इथं संपत नाही त्यांच्यापासून मी जरा लांब बसते.

जिथं स्पष्टीकरण संपतं तिथं ख्रिस्ती विश्वासाकडं सांगण्यासारखं जे आहे ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात बघायला मिळतं. मित्र लाजर आजारी आहे असा त्याच्या बहिणींचा, मार्था आणि मरीया यांचा, निरोप मिळूनही येशू होता तिथंच दोन दिवस थांबतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था पुढं येऊन म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळानं मरीया येते आणि तेच वाक्य बोलते. दोघी बहिणींनी चार दिवस घरात एकमेकींना काय म्हटलं असेल ते यातून कळतं. येशू दोघींपैकी कुणालाही ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. मार्थाशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेशी तो काही बोलतच नाही फारसं. ‘ह्याला कोठे ठेवले आहे?’ एवढं विचारतो आणि रडतो. वाक्य एकच, बहिणी दोन, आणि दोघींना मिळालं ते निरनिराळं. थोड्याच वेळात लाजर उठणार आहे हे ठाऊक असताना तो रडतो, हे विशेष. ‘ती प्रभूच्या घरी आहे, मग रडता कशाला?’ असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल तर त्यांना हा अध्याय दाखवा.

आणि मग वधस्तंभ. तिथं येशू २२व्या स्तोत्रातलं वाक्य मोठ्यानं म्हणतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ भाचीचा ‘का’ आणि तुमचा ‘का’ त्याच्याही ओठांवर होता, आणि त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, हिटलरच्या तुरुंगात होता. १९४४च्या जुलैत त्यानं तिथून मित्राला लिहिलं की आपल्याला मदत करू शकतो तो दुःख सोसणारा देवच. ९ एप्रिल १९४५ला त्याला फाशी दिलं, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. त्यालाही ‘का’चं उत्तर मिळालं नाही. जो देव लांबून सगळं चालवतो आणि कारणं राखून ठेवतो त्याच्यावर विश्वास ठेवणं मलाही जड जातं. ज्याच्या हातात खिळ्यांचे व्रण आहेत, पुनरुत्थानानंतरही आहेत, त्याच्यापाशी मी बसू शकते. याला तुम्ही उत्तर म्हणाल की नाही, मला माहीत नाही. मी म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपल्या वाचकांना परिचित आहे. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना १८८२ मध्ये नवरा. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई. मुलीच्या जाण्यानंतर त्यांना ‘का’ कळलं होतं असं मला वाटत नाही. त्या शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, एवढंच आपल्याला ठाऊक आहे.

आता करायच्या गोष्टी. भाचीपासून सुरुवात करू, कारण ती वाट पाहते आहे.

तिला ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हे कधीही सांगू नका आणि कुणी सांगत असेल तर थांबवा. मूल त्याचा सरळ अर्थ लावतं : देव चोर आहे, आणि आपण चांगलं वागलो तर तो आपल्यालाही नेईल. ‘आई झोपली आहे’ हेही नको, मुलं मग झोपायला घाबरतात. आणखी एक. या वयाच्या मुलांना अनेकदा वाटतं की आपल्यामुळंच असं झालं, आपण हट्ट केला, आईला उलट बोललो. ती विचारणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा. साधारण असं म्हणता येईल : “तुझ्या आईला फार मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी ती बरी झाली नाही. तुझ्यामुळं काहीही झालेलं नाही. देवानं तिला बरं का केलं नाही ते मला माहीत नाही. मलाही त्याचा राग येतो, रडू येतं. येशूचा मित्र मेला तेव्हा येशूही रडला होता. तुला देवाला काही विचारायचं असेल तर विचार, ओरडून विचारलंस तरी चालेल.” एवढं पुरे. तिनं पुन्हा विचारलं, आणि ती विचारेल, तर पुन्हा तेच सांगा. मुलं उत्तर बदलतंय का ते पाहत असतात.

संडे स्कूलचं म्हणाल तर सोडू नका, पण आत्ता शिकवूही नका. पाळकांना भेटून दोन-तीन महिने रजा मागा. सात महिने झाले आणि तुम्ही एकही रविवार चुकवलेला नाही असं पत्रात आहे. मला तर तेच काळजीचं वाटलं. उपासनेत गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका, बसून राहा. तुमच्या वाटचं बाकीचे गातील. मंडळी असते कशासाठी? परत वर्गावर याल तेव्हा ‘देव प्रेम आहे’ शिकवा आणि त्याच महिन्यात ‘कोठवर?’ असं विचारणारं १३वं स्तोत्रही शिकवा. त्या वर्गात आणखी एखादं लेकरू असेल ज्याच्या घरी काही मोडलं आहे आणि ज्याला वाटतं की चर्चमध्ये फक्त आनंदी चेहऱ्यानं यायचं असतं. ढोंग कशाला म्हणायचं, न कळणाऱ्या गोष्टीला ‘कळत नाही’ म्हणण्याला की कळल्याचा आव आणण्याला?

प्रार्थना होत नाही असंही तुम्ही लिहिलंय. मग ८८वं स्तोत्र रोज मोठ्यानं वाचा, स्वतःचे शब्द जुळवू नका. किंवा वहीत देवाला तक्रारअर्ज लिहा, मायना घालून, तारीख टाकून. मला स्वतःला एका वाईट वर्षात याचा उपयोग झाला. ती वही अजून आहे. पुन्हा वाचवत नाही.

झोप लागत नाही, भूक नाही, असं एका ओळीत सांगून तुम्ही पुढं गेलात. मी पुढं जाणार नाही. एलीया संदेष्टा एकदा झुडपाखाली पडून ‘आता मला मरण दे’ म्हणाला होता. देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाचा मंद आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. तेव्हा आधी डॉक्टरांना भेटा, समुपदेशकाकडं जावं लागलं तर जा. यानं विश्वास उणा ठरत नाही. आणि कधी मरावंसं वाटलं तर थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

जे शोकघरी भेटायला जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. मी स्वतः एकदा मुलगा गेलेल्या मैत्रिणीला ‘त्याची काहीतरी योजना असेल’ म्हणाले होते. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही. आपण ते वाक्य बोलतो ते बहुधा स्वतःच्या भीतीवर पांघरूण घालायला, समोरच्यासाठी नव्हे. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. मग ते बोलू लागले आणि बिघडलं.

आणि देव रागावेल का, हे तुम्ही विचारलं होतं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव खरोखरच रागावतो, पण ईयोबावर नाही. इतके दिवस देवाची बाजू मांडणाऱ्या त्या तीन मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो आणि सांगतो, ईयोबाकडं जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. तुमच्या मंडळीतल्या त्या भाऊंसाठी प्रार्थना करावीशी वाटण्याचा दिवस तुमच्याही वाट्याला कदाचित येईल. तो लवकर यायला हवा असं काही नाही.